कुसरीसाठी आलेलं स्थळ

केसरबाईंनी बाथरूमचा नळ सोडला, लगेच घट्ट बंद केला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. थेंब पडला नाही. वासंतीने मनातल्या मनात प्लंबरचे आभार मानले. कालच तो येऊन गेला होता.

"नळ बरा हाय," केसरबाई बरोबर आलेल्या तीन बायकांना म्हणाल्या. "आता सैपाकघर बघू."

बघणं चाललं होतं कुसरीसाठी. कुसरी म्हणजे काशीगावामागच्या डोंगरातून उतरणारी नदी. होळी झाली की ती वाळूखाली जाते आणि वरून बघणाऱ्याला नुसतं वाळवंट दिसतं. पण गावातल्या बायका वाळूत हातभर झिरा खणतात आणि हंडे भरून नेतात. भेंडी-वांग्यांचे वाफेही त्याच पाण्यावर तगतात. महापालिकेला हे कळलं आणि वाळूत विहिरी खणून ते पाणी पंपाने शांती नगरला आणायचं ठरलं. दोनदा खोदायचं यंत्र आलं. दोनदा केसरबाई चाळीस बायका घेऊन नदीत बसल्या, भाकऱ्याही तिथेच सोडल्या. शेवटी साहेबांनी हात टेकले. गावाची सही आणा, मग पाइप टाकू, म्हणाले.

सही आणायला वासंती स्वतःच गेली. ती शांती नगरमधल्या एका सोसायटीची चेअरमन. सोसायटीत पाणी दिवसाआड, तेही पाऊण तास, आणि पिंपं भरून भरून तिचं मनगट सुजलेलं. "मावशी, आम्हालाही थोडं द्या हो," एवढंच ती म्हणाली. केसरबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्हंजे पोर मागायला आलीस, बाय. आमच्यात आधी घर बघतात."

म्हणून आज, रविवारी सकाळी अकरा वाजता, चौघी रिक्षाने येऊन थडकल्या होत्या. वासंतीने आठवडाभर जिवाचं रान केलं होतं. गळके फ्लश दुरुस्त झाले. गाड्या धुणाऱ्याला सुट्टी दिली. तिसऱ्या मजल्यावरची नीलिमा एरवी खिडकीतून ओरडते, तिला हात जोडून सांगितलं, बाई, पाहुणे असेपर्यंत तोंड उघडू नकोस. वॉचमन उत्तमला नवा युनिफॉर्म घालून गेटवर उभा केला आणि पाहुणे जाईस्तोवर जागचं हलायचं नाही, अशी तंबी दिली. मुलीकडच्यांसमोर शोभा नको.

पाण्याचे पेलेही तिने अर्धेच भरून आणले. केसरबाईंनी ते बरोबर टिपलं आणि बरोबर आलेल्या सुनेकडे बघून मान डोलावली. पोहे झाले. मग त्यांची नजर पॅसेजमधल्या पिंपांच्या रांगेवर गेली.

"येवढी सगली तूच भरतेस?"

"मीच. हे बघा." वासंतीने मनगट पुढे केलं.

केसरबाईंनी ते हातात घेऊन हलकेच दाबलं. "आमच्या पन समद्या बायांचं असंच हाय गो," त्या म्हणाल्या. बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही. वासंतीला एकदम रडू आलं. दोन वर्षांत या मनगटाची चौकशी कुणी केली नव्हती, घरातल्यांनीसुद्धा.

"आन तो कागुद," केसरबाई म्हणाल्या. "पेन पन दे."

आणि बाहेर पत्र्यावर तडतड सुरू झाली.

वासंतीने लगेच ओळखलं. बारा वर्षं सोसायटी एकाच पद्धतीने चालली होती. गच्चीवरची टाकी भरली की ती पार्किंगच्या पत्र्यावर सांडायला लागते. ते ऐकून नीलिमा खिडकीतून ओरडते, "उत्तम, टाकी!" मग उत्तम धावत जाऊन पंप बंद करतो. आज नीलिमा तोंडावर हात ठेवून खिडकीत बसली होती. उत्तम गेटवर ताठ उभा होता.

"पाऊस लागला का काय?" केसरबाईंनी विचारलं. खिडकीत एप्रिलचं लख्ख ऊन पडलं होतं.

"अवकाळी," वासंतीचे यजमान पंढरीनाथ चटकन म्हणाले. "हल्ली काही सांगता येत नाही."

पाणी पडत राहिलं. ओरडावं तर बिंग फुटणार, न ओरडावं तर पाणी जाणार. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कागद टीपॉयवर आणि पेन केसरबाईंच्या हातात. वासंतीने पंढरीनाथांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

केसरबाई उठून गॅलरीत गेल्या. पत्र्यावरून धो धो पाणी अंगणात येत होतं. तिथून गेटकडे, उत्तमच्या नव्या बुटांवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात. केसरबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. त्यांचा चेहरा बघून वासंतीला राहवेना. ती त्यांच्या शेजारी जाऊन, अख्खी बिल्डिंग दणाणेल अशी ओरडली.

"उत्तम, टाकी!"

उत्तम पळाला. पंप थांबला. पत्र्यावरची तडतड हळूहळू विरली.

केसरबाई आत आल्या. त्यांनी सही न करताच कागदाची नीट घडी घातली, त्यावर पेन ठेवलं आणि दोन्ही वासंतीच्या हातात दिलं.

"घर चांगलं हाय, बाय. तू पन चांगली हायेस," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "पन नवऱ्याची पयली बायको वर गच्चीत रडत बसलीय, ह्ये आमाला कोनी सांगितलंच न्हाय."