पिंजऱ्याची कडी

गळ्याच्या ऑपरेशननंतर बायकोचा आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी सुताराला सांगितलं. मग डॉक्टरांनीच तोड काढली. तिने आधी आठवडाभर एका यंत्रासमोर बसून वाचायचं. नंतर ती जे टाईप करेल, ते यंत्र हुबेहूब तिच्या आवाजात बोलून दाखवणार होतं.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिने पहिलं वाक्य टाईप केलं आणि बटण दाबलं.

"अहो, पिंजऱ्याची कडी ढिलीच होती."

पोपट उडाला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पिंजरा सुताराने स्वतःच्या हाताने केलेला. कडी पक्की होती, तूच लावायला विसरलीस, हे त्याचं ठाम मत, आणि ती ते काही केल्या कबूल करत नव्हती.

"आवाज गेला, पण हेका काही गेला नाही!" तो पोट धरधरून हसला.

पुढे दुखणं उलटलं आणि ती गेली. महिन्याभराने लेकीने ते यंत्र त्याच्यापुढे ठेवलं.

"बाबा, काहीही टाईप करा. आई बोलेल."

"काहीही? तिला न विचारता?"

"आता कुणाला विचारणार, बाबा?"

लेक आत गेल्यावर त्याने एका बोटाने सावकाश टाईप केलं, 'कडी पक्की होती. मीच लावायला विसरले.'



वाक्य अजून तसंच आहे. बटण दाबायचं तेवढं राहिलंय.