ठकीचा वाढीव महिना

"आज सलाईन नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता तिला सोडा, काका. फार ताणलंत."

शिंपी त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे बघत होता. कोटाची खालची तुरपाई चार बोटं उसवली होती. कुणीतरी घाईघाईत मशीनची टीप मारून वेळ मारून नेली होती आणि आता तीही सुटत आली होती. टेबलावर घरची मांजर ठकी पडली होती. पूर्वी त्या टेबलावर ठेवली, की ती डॉक्टरबाईंचा हात ओरबाडून खाली उडी मारायची. आज ठेवली तशीच राहिली.

'फार ताणलंत' ऐकून शेजारी उभी असलेली सून विचारेल, म्हणजे कधीपासून, असं शिंप्याला वाटलं होतं. तिने काही विचारलं नाही. ती ठकीच्या कानामागे बोट फिरवत राहिली. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तेवढं हायसं वाटणं सोडलं, तर सकाळपासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

ठकी त्याच्या मुलाने आणलेली. मूठभर पिल्लू, शर्टाच्या आत घालून. शिवणाच्या दुकानात मांजर म्हणजे दोऱ्यांचा सत्यानाश, म्हणून बापाने दोन दिवस तोंड फुगवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ठकी त्याच्याच पायाशी झोपू लागली. मुलाचं लग्न झालं, सून घरात आली. आणि तीन वर्षांपूर्वी मुलगा अपघातात गेला. मागे उरले सासरा, सून आणि मांजर.

सून पोस्टात काउंटरवर कामाला होती. दर रविवारी तिच्या भावाचा फोन यायचा. आमच्याकडे ये, एकटी किती दिवस राहणार, असं तो म्हणायचा. एकदा स्वयंपाकघरातून तिचं उत्तर शिंप्याच्या कानावर पडलं होतं. "ठकी आहे तोवर मला हलता येत नाही रे, दादा."

मांजर आडवं गेलं की माणसं थांबतात म्हणे. या घरात सून थांबली होती ती मांजरामुळेच, अशी त्या दिवसापासून शिंप्याची खात्री झाली.

मग ठकीच्या किडन्या खराब झाल्या. रोज संध्याकाळी कातडीखाली सलाईन द्यायचं ठरलं. सुईचं काम आपोआप शिंप्याकडे आलं. सून ठकीला मांडीवर धरायची. तो मानेमागची कातडी चिमटीत उचलायचा आणि सुई घालायचा. कापडात सुई शिरताना बारीकसा आवाज येतो, कातडीत काहीच येत नाही, हे त्याला सत्तरीत कळलं. सलाईन आत जायला वीस मिनिटं लागायची. त्या वीस मिनिटांत दोघं बोलायची. पोस्टात आज कोण भांडलं, शेजारच्या आजींच्या गुडघ्याचं काय झालं, असलं काहीबाही. एरवी त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

महिन्यापूर्वी रक्ताचा रिपोर्ट आणायला शिंपी एकटाच आला होता. डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "आता उपयोग नाही, काका. पुढे नुसता त्रास आहे तिला. घरी बोलून घ्या आणि घेऊन या."

घरी जाऊन तो सुनेला म्हणाला, "सलाईन चालूच ठेवायला सांगितलंय."

"बरं," सून म्हणाली होती.

त्यानंतर ठकीने खाणं सोडलं. ती पलंगाखाली जाऊन बसायची. रोज संध्याकाळी तिला ओढून बाहेर काढावं लागायचं. सुई टोचली की ती बारीक आवाजात रडायची. "झालं, झालं," शिंपी म्हणायचा. सून भिंतीकडे बघत तिला घट्ट धरून ठेवायची. आज सकाळी ठकी स्वतःच्याच मुतात पडलेली सापडली. तिला उठता येईना. तेव्हा कुठे शिंप्याच्या तोंडून निघालं, "आज नेऊ या."

"दोन मिनिटं बसा तिच्यापाशी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला पाठमोऱ्या झाल्या.

सून वाकली. ठकीच्या कपाळाला नाक लावून काहीतरी पुटपुटली. शिंप्याने ठकीच्या पाठीवर हात ठेवला. हाताला मणका न् मणका लागत होता. "थंड पडलीय," तो म्हणाला, आणि पायजम्याला हात पुसला.

इंजेक्शनला फार वेळ लागला नाही. पोट वर आलं, खाली गेलं, आणि पुन्हा वर आलं नाही. डॉक्टरबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली.

दोघं दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. कापडात गुंडाळलेली ठकी टोपलीत होती आणि टोपली सुनेच्या मांडीवर. समोरून गाड्या चालल्या होत्या. समोरच्या दुकानदाराने दारात पाणी मारलं. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडायला थांबली, आणि ओलांडून गेलीसुद्धा.

"डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, तिला सोडा म्हणून," शिंपी म्हणाला. "मी तुझ्याशी खोटं बोललो. ही गेली की तूही जाशील, म्हणून."

सुनेने टोपलीतल्या कापडाचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "त्याच दुपारी त्यांनी मला पोस्टात फोन केला होता, बाबा. मी पण गप्प बसले. मला वाटलं, ही गेली की तुम्ही म्हणाल, आता तुझं इथं काय राहिलंय, भावाकडे जा."