दोन ठोक्यांच्या मधे

पंखा थांबला आणि त्याच्यासोबत यंत्रही. पाय आवळून धरणारे पट्टे सैल पडले. पलंगाचे हादरे थांबले. फुलाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. संपलं सगळं, असं त्यांच्या मनात आलं.

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवण्यात त्यांची हयात गेली होती. गेल्या वर्षापासून मात्र फुलांची पाटी उचलली की छातीत कळ यायची. विहिरीपर्यंत जायचं तरी मधे टेकावं लागायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या रक्तवाहिन्या फार बारीक आहेत, ऑपरेशन झेपायचं नाही. पण चिरफाडीशिवायचा एक उपचार आहे. काही आठवडे रोज तासभर या पलंगावर निजायचं. पोटऱ्या, मांड्या, कंबर यांना पट्टे बांधायचे. ते ठेक्यात फुगायचे आणि पाय पिळून काढायचे.

मुलगा गोरक्ष रोज मोटारसायकलवर घेऊन यायचा. फुलाबाई मुकाट्यानं निजायच्या. पण पहिल्याच दिवशी एक धास्ती मनात बसली होती. आपलं काळीज आता हे यंत्र चालवतंय. घरी गेल्यावर ते उसन्या जोरावर धडधडतं. हा जोर मधेच सरला तर? असल्या उसन्या जिवापेक्षा ते यंत्रच नको, उद्यापासून येणार नाही, असं त्या आज गोरक्षला सांगणार होत्या. त्या साली भारनियमनाला काळवेळ नव्हती. नेमकी आजच वीज गेली.

त्या मरणाची वाट बघत पडून राहिल्या. खोलीत चिडीचूप. कानाशी मात्र काहीतरी वाजत होतं. धप्. धप्.

"पोरी," डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "यंत्र चालू झालं का गं?"

"नाही आजी. आत्ता जनरेटर लावतील," यंत्र सांभाळणारी स्नेहल म्हणाली.

"मंग हे काय वाजतंय?"

स्नेहलनं त्यांचा हात उचलून त्यांच्याच छातीवर ठेवला.

"तुमचं काळीज, आजी."

"यंत्राबिगर?"

"यंत्र त्याला चालवत नाही. तेच यंत्राला चालवतं. छातीवरच्या या वायरी तुमचा ठोका ऐकतात. ठोका पडून काळीज विसावलं की तेवढ्यात यंत्र पायांतलं रक्त त्याच्याकडे ढकलतं. पुढच्या ठोक्याआधी सोडून देतं."

फुलाबाईंनी हात हलवला नाही. लेकरं झाली, नवरा गेला, गारपिटीनं उभे वाफे झोपवले. एवढ्या साऱ्यात हे आत एकटंच राबत होतं. त्यांनी कधी त्याची साधी चौकशीही केली नव्हती.

जनरेटर घरघरला. स्नेहलनं बटण दाबलं. कपाटाएवढं यंत्र घुमू लागलं, पण पट्टे तसेच सैल. फुलाबाई श्वास रोखून बघत राहिल्या.

आत एक ठोका पडला. पट्टे फुगले.

तास संपवून त्या बाहेर आल्या, तसा बाकावर बसलेला गोरक्ष उठून उभा राहिला. "दमलीस का गं आई?"

"उद्या लवकर निघू," त्या म्हणाल्या. "माझ्या काळजाचा हुकूम झाल्याबिगर ते यंत्र हलत नाय."