एक गाडी, चौदा जागा

"एक गाडी एकाच दुपारी चौदा ठिकाणी उभी राहते? तुम्हीच सांगा!" गौतमने मोबाइल काउंटरवर आपटायचा तेवढा बाकी ठेवला.

लालबागच्या टॉवरखालच्या खासगी पार्किंगचं ऑफिस म्हणजे काचेची एक खोली. काउंटरमागे दीपिका नावाची मुलगी, आणि गौतमच्या मागे त्याची आई, गंगुबाई, पर्स पोटाशी धरून उभी. पर्समध्ये दोन महिन्यांपूर्वी मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. गौतमला त्याचा पत्ता नव्हता.

"सर, कॅमेऱ्याने नंबर प्लेट वाचलीय," दीपिका म्हणाली. "बुधवारी पावणेदोन तासांत चौदा जागा वापरल्या. म्हणून चौदा दंड."

"बुधवारी मी ऑफिसात होतो, गाडी चाळीत होती. आणि त्या दिवसापासून फोन सुरू झालेत. लोनवाले, इन्शुरन्सवाले. काल एक जण विचारतो, मागच्या बंपरचा ओरखडा काढून देऊ का! माझ्या गाडीला ओरखडा आहे हे मला माहीत नाही आणि त्याला माहीत!"

गंगुबाईने घाईघाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ओरखडा खरा होता. सहाव्या जागेवरचा.

कॅलेंडरात गणपतीला आठ दिवस उरले होते. यंदा परळच्या कारखान्यातून मूर्ती आपण स्वतः गाडी चालवत आणायची, असं तिने मनात पक्कं केलं होतं. गाडी सरळ न्यायला ती महिन्याभरात शिकली. पण त्यांच्या गल्लीत वळवायला जागाच नाही, गाडी उलटीच आत घ्यावी लागते, आणि रिव्हर्सचा सराव करायला अख्ख्या लालबागात मोकळी जागा म्हणजे दुपारचं हे तळघर. सरावाहून परतल्यावर गल्लीत गाडी उलटी आत घेऊन द्यायला तळमजल्यावरचा रघु होता. गौतमला आधी कळलं असतं तर 'बासष्टाव्या वर्षी हे काय नवीन' म्हणत त्याने किल्ली खिशात घातली असती. चाळीत कोणाकडे आज कुठली आमटी शिजलीय हे दुपारच्या आत तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. पण ही गोष्ट चाळीस बिऱ्हाडांनी मिळून एकट्या गौतमपासून लपवली होती.

"फुटेज दाखवा मला."

"नाही दाखवता येणार सर. चालवणाऱ्याची प्रायव्हसी असते."

"माझा नंबर साऱ्या मुंबईला वाटलात, आणि माझीच गाडी मला दाखवायला प्रायव्हसी?"

दीपिका ओशाळली. "एंट्रीच्या मशीनवर कोणीतरी हिरवं बटण दाबलंय सर. म्हणजे माहिती पुढे द्यायला संमती. आणि नंबर तुमचाच टाकलाय."

हिरवं बटण गंगुबाईनेच दाबलं होतं. वर इंग्रजीत भलंमोठं काहीतरी लिहिलेलं होतं आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती. नंबराचं म्हणाल तर कुठल्याही फॉर्मवर आधी नवऱ्याचा आणि मग मुलाचा नंबर लिहायची तिला जन्माची सवय. स्वतःचा मोबाइल पर्समध्ये असूनही बोटं आपली गौतमचाच नंबर दाबून मोकळी झाली.

गौतमने खाली ड्युटीवर असणाऱ्या वॉचमनला बोलवायला लावलं. वसंत आला. बुधवारी याच वसंतने चौदाही वेळा "येऊ द्या आजी, अजून येऊ द्या" करत शिट्टी वाजवली होती. त्याने गौतमकडे पाहिलं, मग गंगुबाईकडे.

"गाडी कोण चालवत होतं?"

"ते नाही सांगता येणार साहेब. कोणाची खासगी गोष्ट आपण नाही बोलत."

"मॅडम, याची लेखी तक्रार घ्या. चोराला सामील आहे हा."

वसंतचा चेहरा उतरला. ते बघून गंगुबाईला राहवेना. आठ दिवसांनी मूर्ती घेऊन गल्लीत शिरताना सगळ्यांदेखत गौतमचा चकित चेहरा बघायचा बेत तिने तिथेच सोडून दिला.

"तेका कित्याक वरडतंस?" ती आपल्या मालवणीत म्हणत पुढे झाली. "गाडी मीच चलवत होतंय."

गौतम वळला. आईने पर्समधून काढून पुढे केलेलं लायसन्स त्याने उलटसुलट करून बघितलं. फोटोही तिचाच होता.

"आजी," दीपिकाने विचारलं, "तुमची परवानगी असेल तर दाखवू?"

"दाखव गो."

पडद्यावर त्यांची पांढरी गाडी मागे आली, वाकडी झाली, पुढे गेली, पुन्हा आली. सहाव्या जागेवर खांबाला घासली. चौदाव्या वेळी दोन पिवळ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उभी राहिली. दार उघडलं. पदर खोचलेली गंगुबाई उतरली, तिने दोन्ही बाजूंच्या पट्ट्या वाकून तपासल्या, आणि वसंतला टाळी देऊन स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"ती शेवटची परत लावा," गौतम म्हणाला. तीनदा बघितल्यावर त्याला हसू आवरेना. आईला असं गिरकी घेताना त्याने कधीच पाहिलं नव्हतं. त्याने वसंतचा हात हातात घेऊन माफी मागितली आणि दंड भरून टाकला. "पण माझा नंबर आधी काढा तिथून."

"माझो घाल," गंगुबाई म्हणाली, आणि दहाही आकडे तिने ठासून सांगितले.

खाली गौतमने घाईत गाडी नाक आत करून लावली होती. बाहेर काढायची तर उलटीच. त्याने किल्ली आईसमोर धरली आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसला. वसंतने शिट्टी तोंडात धरली. गंगुबाईने गिअर टाकला, आणि पर्समधला फोन वाजला. गौतमने तो स्पीकरवर धरला.

"मॅडम, गणपतीसाठी गाडीला ड्रायव्हर हवाय का?"

गंगुबाईची नजर आरशातून हलली नाही.

"डायवरच बोलतंय रे बाबा. गाडी पाठी घेतंय, मगे फोन कर."