एक मग विरजण

मगात पिवळं पाणी घेऊन शिवराम हिरव्या टाकीपाशी उभा राहिला. जेवणाची सुट्टी झाली होती. तुर्भ्याच्या त्या प्लेटिंगच्या गाळ्यातली सगळी माणसं बाहेर सावलीला डबे उघडून बसली होती, तेवढ्यात उरकायला हवं होतं.

पिवळं पाणी जुन्या क्रोमच्या टाकीतलं. बावीस वर्षं त्याने त्या टाकीवर नळाच्या तोट्या चमकवल्या, आणि टाकीच्या वाफेने त्याच्या नाकातला पडदा खाऊन आरपार भोक पाडलं. भोक पडलं की कारागीर पक्का झाला, अशी गाळ्यात थट्टा चालायची. शिवरामने तर एकदा त्या भोकातून दोरा ओवून सगळ्यांना हसवलं होतं. पण गेल्या महिन्यात गिरजाच्या नाकातून रक्त आलं. गिरजा त्याची बायको, याच गाळ्यात तोट्या तारेला टांगायची. तिने रक्ताने भिजलेला पदर दाखवला त्या दिवसापासून त्याला ती थट्टा ऐकवेना.

हिरवी टाकी चार दिवसांपूर्वी आली आणि पिवळी बंद झाली. हेही क्रोमच, पण कमी विषारी. केमिकल कंपनीची रुतिका मॅडम म्हणाली होती, "काका, याची वाफ नाक खात नाही. फक्त यात दुसरं काही घालू नका." आज सकाळी गिरजाने महिन्याभराने नाकात चमकी घातली. आरशात बघून म्हणाली, "आता एवढं टोचत नाय." शिवरामला इतकं बरं वाटलं की चहा हातातच गार झाला.

आणि आजच हिरव्या टाकीतून पहिला माल निघाला, तो काळपट. शेठने तोटी उजेडात धरली, तोंड वाकडं केलं. "ही काय चमक झाली? संध्याकाळपर्यंत बघतो. नाय जमलं तर टाकी परत. आपली पिवळी जिंदाबाद!" मॅडम सांगत होती, याचा रंग थोडा गडदच असतो, गिऱ्हाइकाला सवय होईल. शेठला कुठलं पटतंय!

शिवरामला मात्र दोष कुठे आहे ते लख्ख दिसलं. अख्ख्या आयुष्यात त्याने एकही टाकी कोरी चालवली नव्हती. नवं पाणी केलं की त्यात जुन्यातलं थोडं सोडायचं, मग ते धरतं. दह्याला विरजण लागतं, टाकीला नको? पोरगी शिकलेली, पण टाकीचं तिला कोण सांगणार? दुसरं काही घालू नका म्हणाली खरी. पण विरजण म्हणजे काय दुसरं असतं? तेही क्रोम, हेही क्रोम. "धर गं बाई," असं टाकीला म्हणत त्याने मग उपडा केला आणि दांड्याने चांगलं ढवळलं. हात जोडायचे तेवढे राहिले.

तीन वाजता माल वर आला. कुठे काळे ओघळ, कुठे क्रोम चढलंच नव्हतं. रुतिका मॅडमने काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, कसलासा थेंब टाकला. पाणी जांभळं झालं तशी ती मटकन स्टुलावर बसली.

"यात पिवळं गेलंय. कोणी टाकलं? एवढ्याशाने अख्खी टाकी मरते."

"मी," शिवराम म्हणाला. "विरजण म्हणून." "शेठ, चूक माझी हाय, टाकीची नाय. नवीन पाणी भरा. मी हातसुद्धा लावत नाय. पाया पडतो तुमच्या."

"दुरुस्त होईल," मॅडम म्हणाली. "दोन-तीन दिवस द्या मला."

शेठ चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "अरे शिवराम, तू तर माझं काम केलंस! या मॅडमला नाय कसं म्हणू, याच टेन्शनमध्ये होतो मी." त्याने शिवरामच्या पाठीवर थाप मारली. "जी टाकी एक मग सोसत नाय, ती माझ्या गाळ्यात काय टिकणार? चला, पिवळी चालू करा रे!"

पिवळी टाकी उकळायला लागावी तशी फसफसायला लागली. रुतिका मॅडम कोणाकडे न बघता आपल्या नळ्या बॅगेत भरत होती. शिवराम कसाबसा गिरजापर्यंत गेला. जिच्यासाठी हे सगळं केलं, तिचंच नाक आपण आपल्या हाताने परत त्या वाफेत नेऊन ठेवलं, हे त्याला सांगायचं होतं.

"किती घातलं तुमी?" गिरजाने मान वर न करता विचारलं.

"एकच मग."

"घरी दही लावताना विचारता मला. किती घालू म्हणून."

गिरजाने हात पुसले. नाकातली चमकी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली, तोच पदर नाकावरून घट्ट गुंडाळला आणि पुढची तोटी तारेला अडकवली.