नातसुनेचा चहा

“एकाच हातानं कप घ्या, बाबा,” सुनेनं लिआंग आजोबांच्या बाह्या मनगटावर ओढत बजावलं. टोरांटोतल्या हॉलमध्ये आज नातवाचं लग्न होतं.

नवी नातसून गुडघे टेकून बसली आणि तिनं आजोबांपुढे चहा धरला. चिनी रीतीप्रमाणे हा चहा दोन्ही हातांनी घेतला नाही, तर मुलीचा अपमान होतो. शिवाय पोरगी नर्स होती. हिला तरी दिसू दे, असं मनात म्हणत आजोबांनी दोन्ही हात पुढे केले. बाह्या सरकल्या. कामावर जाताना सून त्यांना खुर्चीला बांधून जायची, त्या दोरीचे वळ उघडे पडले.

नातसुनेनं वळ पाहिले, मग सासूकडे पाहिलं.

“थंडी वाजेल, आजोबा,” असं म्हणत तिनं बाह्या अलगद खाली ओढल्या आणि फोटोसाठी हसली.