हिरवा टाका

बी.कॉम., पहिला वर्ग. तापाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. मैत्रिणीच्या सँडल. हिरवा दोरा. चौदावी मुलाखत.

एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात म्याकल साहेबांनी एक पांढरा टॉवेल अर्शीसमोर टाकला. "सर्टिफिकेटं राहू दे. माल तपासायची नोकरी हाय. ह्यात खोट काय, सांग की."

अर्शीने कोपरा उलटून पाहिला. घरी बसून टॉवेलचे काठ शिवणाऱ्या बायका ओळखीसाठी कोपऱ्यात आपापल्या रंगाचा एक टाका घालतात. ह्या कोपऱ्यातला हिरवा टाका तिच्या अम्मीचा. बारा वर्षांत अम्मीचा एकही नग परत आला नव्हता.

"दिसंना का? बाहेर अजून सहा जणी बसल्यात."

अर्शीने टॉवेल घडी करून ठेवला. पुन्हा उघडला.

"काठ वाकडा आलाय," ती म्हणाली. "दोन ठिकाणी शिवण सुटलीय. एकदा धुतला की उसवेल."

"शाब्बास! सकाळपासनं सगळे नुसते डाग शोधत बसले." साहेबांनी फोन उचलला. "त्या हिरव्या टाक्यावाल्या बाईला आजपासून माल देऊ नका." फोन ठेवून ते हसले. "सोमवारी ये. पहिल्यांदा कुणाला सांगणार?"

"अम्मीला."

परवा दुपारी अम्मी तापाने फणफणून झोपली होती आणि तो टॉवेल अर्शीने शिवला होता.